आपण रुग्णालयात, मांजर घरी: सोय कोणती निवडावी?

मोतीबिंदू पिकत आलेला असतो, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे ढकललेली असते, हर्नियाचा फुगवटा दिवसेंदिवस वाढत असतो. विचारले तर कारण सांगितले जाते पावसाचे, सणावाराचे किंवा मुलांच्या रजेचे. जरा खोलात जाऊन चौकशी केली की खरे कारण हळूच बाहेर येते. घरी एक मांजर असते, आणि ‘त्याला कोणाच्या भरवशावर टाकून जाऊ?’ या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नसते. लोक हसतील म्हणून तो प्रश्न मोठ्याने विचारलेलाही नसतो.

यात हसण्यासारखे काही नाही. जोडीदार गेलेला, मुले पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशी, अशा घरात सकाळी डोळे उघडताच ज्याला आपली गरज असते असा जीव म्हणजे ते मांजर असते. त्याच्यासाठी उठायचे, त्याच्यासाठी मासळी आणायची, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. या ओढीला कमी लेखून ‘आधी आपली तब्येत बघा, मांजराचे काय एवढे!’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख काही जवळ येत नाही. उलट सोय न लावता दाखल झालेला रुग्ण दुसऱ्याच दिवशी घरी सोडा म्हणून हट्ट धरतो, आणि प्रसंगी डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून निघूनही जातो.

म्हणून या लेखाचे सांगणे एकच आहे. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, विम्याची कागदपत्रे यांच्या यादीतच ‘मांजराची सोय’ ही ओळ लिहावी आणि ती सर्वांत आधी पूर्ण करावी. ती सोय निवडताना आपल्याला काय सोपे पडते याआधी त्या मांजराला काय सोसेल, हे पाहावे. हेच विचार मुलांकडे सहा महिने परदेशी निघालेल्यांना आणि चार दिवस गावी जाणाऱ्यांनाही लागू पडतात.

मांजर कशाला धरून असते

कुत्रा माणसामागे जातो आणि मांजर घर धरून राहते, असे आपली जुनी माणसे म्हणत. त्यात पुष्कळ तथ्य आहे. मांजर आपल्यावर माया करत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. पण त्याची सुरक्षिततेची भावना जागेशी आणि वासाशी बांधलेली असते. दाराची चौकट, खुर्चीचा पाय, आपली पोटरी यांना ते गाल घासते, तेव्हा गालांवरील ग्रंथींचा वास तेथे सोडून ‘हे माझे’ अशी खूण करीत असते. या खुणांच्या जगातून उचलून परक्या जागेत ठेवले की बहुतेक मांजरे आधी लपतात आणि खाणे टाकतात.

हे खाणे टाकणे साधे नाही. माणूस दोन दिवस उपवास करून सुखरूप राहतो. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते आणि यकृताचा जीवघेणा विकार उद्भवू शकतो. ‘भूक लागली की खाईल’ हा आपला नेहमीचा हिशेब येथे चुकतो. मोठ्या मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना फोन करावा. त्याहून अधिक वाट पाहू नये. लहान पिल्लाच्या बाबतीत तर इतकाही वेळ दवडू नये.

यातून निवडीचे पहिले सूत्र निघते: जेथे शक्य आहे तेथे मांजर घरातच ठेवावे आणि माणूस त्याच्याकडे यावा.

किती दिवस, कोणती सोय

एका दिवसाचे काम असेल, उदाहरणार्थ सकाळी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि संध्याकाळी घरी, तर निरोगी, मोठे मांजर एकटे राहू शकते. ताजे पाणी दोन ठिकाणी, कोरडे खाणे वाडग्यात आणि स्वच्छ लिटर ट्रे एवढे पुरते. रात्र मात्र एकट्याने काढायला लावू नये. खाण्याचा ढीग ठेवून तीन-चार दिवस निघून जाणे ही सोय नव्हेच. पाण्याचे भांडे लवंडते, खाण्याला मुंग्या लागतात, उन्हाळ्यात बंद फ्लॅटची भट्टी होते, आणि मांजर आजारी पडले तर ते कोणाला कळतच नाही. ठरल्या वेळी खाणे सोडणारी विजेवरची यंत्रे मिळतात. मदतनीस म्हणून ती ठीक. पण यंत्र खाणे वाढते, खाल्ले की नाही हे पाहत नाही.

तीन ते दहा दिवसांसाठी उत्तम सोय म्हणजे ओळखीच्या व्यक्तीने दिवसातून दोनदा घरी येणे. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. खाणे घालणे आणि ट्रे साफ करणे दहा मिनिटांत होते. उरलेला वेळ तेथे नुसते बसण्यासाठी हवा. मांजर जवळ आले तर ठीक, नाही आले तरी ते कोठे आहे, कसे चालते, डोळे स्वच्छ आहेत का, हे त्या वेळात दिसते.

दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न असेल, जसा सांधेरोपणानंतर पुनर्वसन केंद्रात राहताना येतो, तर कोणी आपल्या घरी मुक्कामाला येणे चांगले. शिकायला शहरात आलेले नात्यातील एखादे मूल, निवृत्त मैत्रीण, भाची यांना विचारून पाहावे. तेवढ्यात घरही राखले जाते.

महिन्यांचा काळ असेल तर मात्र मांजर दुसऱ्याच्या घरी हलवणे भाग पडते. अशा वेळी शेवटच्या दिवशी पिशवीतून नेऊन सोडू नये. आधी त्या घरातील एकच खोली त्याला द्यावी, तेथे त्याचे अंथरूण, त्याची भांडी आणि त्याच्या सवयीचा ट्रे ठेवावा, आणि काही दिवसांनी बाकीचे घर मोकळे करावे. दार-खिडक्या निदान दोन-तीन आठवडे सांभाळाव्यात, कारण नव्या जागेतून निसटलेले मांजर जुने घर शोधीत रस्त्यावर येते. त्या घरात आधीच कुत्रा किंवा दुसरे मांजर असेल तर पुन्हा विचार करावा.

पैसे देऊन ठेवण्याच्या जागा, म्हणजे पेट बोर्डिंग, मोठ्या शहरांत आता ठिकठिकाणी झाल्या आहेत. घरी येणारे कोणीच नसेल तर तो पर्याय वाईट नाही. पण तो पाहून निवडावा लागतो. त्याबद्दल पुढे लिहिले आहे. ज्या मांजराला रोज इन्सुलिनचे इंजेक्शन लागते, मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा जे फार वृद्ध आहे, त्याला मात्र इंजेक्शन देता येणाऱ्या अनुभवी माणसाकडे किंवा पशुवैद्यांच्या देखरेखीखालील जागीच ठेवावे.

आणखी एक ‘पर्याय’ आपल्याकडे कुजबुजत सुचवला जातो: पोत्यात घालून लांबच्या मासळी बाजारात सोडून यावे, तेथे त्याचे पोट भरेल. घरात वाढलेल्या मांजराला तेथे ना लपायची जागा ठाऊक असते, ना तेथील बोक्यांशी झुंजण्याची ताकद असते. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 नुसार, भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हाही आहे.

माणूस निवडताना

या कामासाठी मायाळू माणसापेक्षा नेमस्त माणूस शोधावा. मांजर पाहिले की कवटाळणारी, पण तिसऱ्या दिवशी लग्नाला निघून जाणारी व्यक्ती कामाची नाही. मांजराचे फारसे कौतुक नसलेली, पण सातच्या ठोक्याला दूध-पेपर घेणारी शेजारीण अधिक उपयोगी पडते.

व्यक्ती ठरवताना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. तिला मांजराच्या सहवासात शिंका किंवा दमा होतो का? ती गरोदर आहे का? तिच्याकडे त्या दिवसांत दुसरे काही ठरले आहे का? मांजराला कॅरिअरच्या पेटीत घालून रिक्षाने पशुवैद्यांकडे नेणे तिला जमेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर ते काम करणारी दुसरी व्यक्ती ठरवून ठेवावी. किंबहुना नेहमी दोन माणसे ठरवावीत, आणि दोघांना एकमेकांचे फोन क्रमांक द्यावेत. पहिलीला ताप आला तर दुसरीला निरोप कोण देणार, हा प्रश्न आपण भूल उतरत असताना सोडवायचा नसतो.

घरकामाच्या मावशींवर हे काम गृहीत धरून टाकले जाते. त्या ते करतीलही. पण हे जादा काम आहे. त्याचे पैसे आधी ठरवून द्यावेत, आणि रविवारी व सणाच्या सुट्टीला कोण येणार हे विचारावे. शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाला मांजराशी खेळायला बोलवावे, पण जबाबदारी त्याच्या आईकडे द्यावी. सोसायटीच्या वॉचमनकडे किल्ली ठेवता येते. तो मात्र बदलत राहतो, हे विसरू नये.

एकदा व्यक्ती ठरली की रंगीत तालीम करावी. आपण घरात असताना तिने तीन-चार वेळा येऊन स्वतःच्या हाताने खाणे घालावे. मग एक रात्र आपण नातेवाइकांकडे मुक्कामाला जावे आणि सगळे तिच्यावर सोपवावे. त्या एका रात्रीत उणिवा दिसतात: कुलूप अडकते, खाण्याचा डबा तिला सापडत नाही, मांजर कपाटामागे जाऊन बसते. या उणिवा शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी कळलेल्या बऱ्या.

बोर्डिंगची जागा पाहताना

फोनवर गोड बोलणे आणि मोबाइलवरची सुंदर छायाचित्रे यांवर विसंबू नये. स्वतः जावे, चालणे कठीण असेल तर मुलीला, पुतण्याला पाठवावे. मांजरे प्रत्यक्ष जेथे ठेवतात ती खोली दाखवायला जे तयार नसतील, तेथून परत फिरावे.

आत गेल्यावर आधी वास घ्यावा. लघवीचा उग्र दर्प किंवा तो झाकण्यासाठी ओतलेल्या फिनेलचा भपकारा, दोन्ही वाईट. मांजराच्या यकृतात काही रसायने निकामी करण्याची क्षमता फार तोकडी असते. फिनेलसारखी जंतुनाशके त्यामुळे त्याला बाधतात. मग कान द्यावा: कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येत असेल तर मांजर तेथे दिवसभर भेदरलेले राहील. प्रत्येक मांजराला स्वतंत्र जागा, लपायला खोका किंवा उंचवटा, आणि खाण्यापासून दूर ठेवलेला ट्रे आहे का, ते पाहावे. वेगवेगळ्या घरची मांजरे एकत्र सोडत असतील तर तेथे ठेवू नये. बाहेर निघण्याच्या वाटेवर एकामागे एक दोन दारे असतील तर निसटण्याचा धोका कमी.

त्यानंतर प्रश्न विचारावेत. रात्री तेथे माणूस झोपतो का? पशुवैद्य कोण, आणि रात्री-अपरात्री येतात का? रोज किती खाल्ले, लघवी-शी झाली का, याची नोंद ठेवतात का? आणि आपल्याकडे लसीकरणाचे कार्ड मागतात का? जी जागा कार्ड मागत नाही, ती इतरांकडेही मागत नसणार. मांजरांमधील पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार अत्यंत घातक असतो आणि त्याचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर कित्येक महिने टिकून राहतो. या आजाराची व सर्दी-पडशासारख्या श्वसनविकारांची संयुक्त लस आणि रेबीजची लस या दोन्ही झालेल्या असाव्यात. लस टोचली की त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. निदान दोन-तीन आठवडे आधी ती पूर्ण व्हायला हवी. म्हणजे शस्त्रक्रियेची तारीख घेतली की त्याच आठवड्यात मांजराचे कार्ड काढून पाहावे.

फ्रिजवर लावायची चिठ्ठी

तोंडी सूचना विसरल्या जातात. मोठ्या अक्षरांत एक पानभर लिहून फ्रिजवर किंवा देवघराशेजारी चिकटवावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

• मांजराचे नाव, वय, नर की मादी, नसबंदी झाली आहे का, लसींच्या तारखा.

• खाणे कोणते, किती आणि केव्हा. ‘थोडेसे’ असे न लिहिता ‘स्टीलच्या लहान वाटीने एक वाटी’ असे लिहावे. जाण्याच्या आठवड्यात खाणे बदलू नये. सवयीचेच खाणे पुरेसे आणून ठेवावे.

• काय देऊ नये. कांदा-लसूण घातलेला मासळीचा रस्सा, शिजवलेल्या मासळी-कोंबडीची टोकदार हाडे, चॉकलेट. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही आणि जुलाब होतात. त्यांना पाणी हवे असते. मुंग्यांसाठी खाण्याचे भांडे पाणी घातलेल्या ताटलीत ठेवावे.

• माणसांची औषधे कधीही देऊ नयेत. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीची पिसवांची औषधे, विशेषतः पर्मेथ्रिन असलेली, मांजराला विषारी असतात. कपाटातील डांबराच्या गोळ्या आणि फुलदाणीतील लिली यांपासूनही त्याला दूर ठेवावे.

• लपण्याच्या जागा: पलंगाखाली, माळ्यावर, वॉशिंग मशीनच्या मागे. तेथून ओढून बाहेर काढू नये.

• कोणत्या खिडक्या, गॅलरी बंद ठेवायच्या. वरच्या मजल्यावर राहत असाल तर जाळी पक्की आहे का, ते आधीच तपासावे.

• पशुवैद्यांचे नाव, पत्ता, फोन; रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्याचा फोन. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाची पशुवैद्यकीय चिकित्सालये असतात. आपल्या गावचा पत्ता आधी काढून ठेवावा.

• ‘मला फोन लागला नाही तरी उपचार सुरू करावेत’ असे वाक्य, त्याखाली आपली सही, आणि खर्चासाठी पाकिटात ठेवलेली रक्कम.

याच पानावर धोक्याच्या खुणा लाल शाईने लिहाव्यात: चोवीस तास खाल्ले नाही, वारंवार उलट्या, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, मागचे पाय ओढणे. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कळ देतो, पण लघवी होत नाही, ही सर्वांत तातडीची खूण. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबतो आणि एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. लोक त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसतात. तसे न करता रात्र असली तरी त्याला दवाखान्यात न्यावे.

निघण्यापूर्वी आपली वापरलेली, न धुतलेली साडी, बनियन किंवा गोधडी मांजराच्या झोपायच्या जागी ठेवावी. आपण नसताना आपला वास त्याला सोबत करतो.

सांभाळणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार

येथे मी माणसांचा डॉक्टर म्हणून थोडे अधिक बोलतो. आपण मदत मागतो ती बहुधा आपल्याच वयाच्या शेजाऱ्यांकडे. त्यांची प्रकृतीही विचारात घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना साध्या ओरखड्याने बराच रक्तस्राव होतो. मधुमेहात जखम चिघळते. केमोथेरपी घेणारे, अवयवरोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असणारे यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ट्रे साफ करण्याचे काम घेऊ नये, कारण काही मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडल्यावर साधारण एक ते पाच दिवसांनी संसर्ग करण्याजोगा होतो. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. एवढ्याने धोका पुष्कळच कमी होतो.

घाबरलेले मांजर चावते तेव्हा त्याचे सुळे सुईसारखे खोल जातात. वरून दोन बारीक टिंबे दिसतात, पण जंतू आत सांध्यापर्यंत, स्नायूंच्या दोऱ्यांपर्यंत पोहोचलेले असतात. हातावरचा असा चावा काही तासांत लाल, गरम होऊन सुजू शकतो. त्यामुळे ‘एवढेसे तर लागले’ म्हणून घरी बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताची लस, प्रतिजैविके आणि रेबीजची लस यांचा निर्णय ते घेतील. रेबीज कुत्र्यापासून होतो तसा मांजरापासूनही होतो. मांजराला लस दिलेली आहे हे डॉक्टरांना सांगावे, पण तेवढ्यावर स्वतःच निर्णय घेऊन मोकळे होऊ नये. लशीचे डोस सुरू झाले तर ते सांगितलेल्या तारखांना पूर्ण करावेत.

अचानक दाखल व्हावे लागले तर

सगळ्याच गोष्टी तारीख सांगून येत नाहीत. छातीत कळ आली, स्नानगृहात पाय घसरला, तर रुग्णवाहिका आपल्याला घेऊन जाते आणि दार बाहेरून बंद होते. आत मांजर आहे हे कोणाला ठाऊक नसते. एकटे राहणाऱ्यांनी यासाठी तीन साध्या गोष्टी करून ठेवाव्यात. पाकिटात, आधार कार्डाशेजारी, एक कागद असावा: ‘माझ्या घरी मांजर आहे. कृपया या क्रमांकावर कळवा.’ त्याखाली ठरवलेल्या दोन्ही व्यक्तींचे फोन. दुसरे, घराची एक किल्ली त्यांच्यापैकी एकाकडे कायमची. तिसरे, आठवडाभराचे खाणे आणि कॅरिअरची पेटी समोर दिसेल अशा जागी. पेटी माळ्यावर टाकू नये. खोलीतच उघडी ठेवली तर मांजर तिच्यात झोपू लागते आणि प्रसंगी पकडापकड होत नाही.

आपल्यानंतर काय, हा विचारही टाळू नये. मांजराच्या नावे संपत्ती ठेवता येत नाही. पण ते सांभाळायला तयार असलेल्या व्यक्तीसाठी काही रक्कम ठेवता येते. त्या व्यक्तीची संमती घ्यावी आणि मृत्युपत्र करताना वकिलांना सांगून तशी नोंद करावी.

घरी परतल्यावर

रुग्णालयातून घरी आलो म्हणजे मदतनिसाला निरोप द्यायचा, ही घाई महागात पडते. आपण आपल्या पायांवर सावरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, त्या व्यक्तीचे येणे चालू ठेवावे. सांधेरोपण किंवा हाड मोडल्यानंतर वॉकर घेऊन चालताना पायांत घुटमळणारे मांजर हा पडण्याचा खरा धोका असतो. खाण्याची वेळ झाली की ते हमखास पायांत येते. तेव्हा खाणे दुसऱ्याने घालावे, किंवा भांडे स्टुलावर ठेवून आपण खुर्चीत बसूनच वाढावे. रात्री उठायच्या वाटेवर मंद दिवा असावा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी, हा गोष्टीतल्या उंदरांना पडलेला पेच आपल्याला सहज सोडवता येतो: ओढले की सुटणाऱ्या पट्ट्याला लहानशी घंटा लावली की ते कोठे आहे ते ऐकू येते.

मोतीबिंदूनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस मांजराला उशाशी झोपू देऊ नये, आणि डोळ्यांत थेंब घालण्यापूर्वी हात धुवावेत. ट्रे वाकून साफ करण्याचे काम त्या दिवसांत दुसऱ्याकडेच असावे. टाके असलेली जागा झाकलेली ठेवावी. मांजराला ती चाटू देऊ नये.

परतल्यावर ते आपल्याकडे पाठ फिरवून बसले तर वाईट वाटून घेऊ नये. आपल्या अंगाला रुग्णालयाचे, औषधांचे वास असतात; त्याला ते अनोळखी वाटतात. हाक मारावी, आपल्या नेहमीच्या जागी बसावे, आणि त्याला त्याच्या वेळेने येऊ द्यावे.

मुलांनो, सुनांनो, काळजी घेणाऱ्यांनो

शेवटचे चार शब्द आपल्यासाठी. आई-वडील उपचार टाळत असतील तर ‘ऑपरेशन कधी करायचे?’ हे विचारण्याआधी ‘मनीला कोण बघणार, ते आधी ठरवू या’ असे म्हणून पाहावे. पेटी आणून द्यावी, मांजराचे लसीकरण करून आणावे, शेजारणीशी स्वतः बोलावे, तिचे मानधन आपण द्यावे. आई रुग्णालयात असताना रोज संध्याकाळी मांजराचा एक फोटो मोबाइलवर तिला दाखवावा: रिकामी वाटी, खिडकीत पसरलेले मांजर, एवढेच. ती निश्चिंत झोपेल. जिच्या मनात घरचा घोर नाही, ती रुग्ण फिजिओथेरपिस्टचे ऐकते, औषधे वेळेवर घेते आणि लवकर घरी जायचा हट्ट धरत नाही.

ज्यांची तारीख ठरायची आहे, त्यांनी आजच दोन नावे कागदावर लिहावीत आणि संध्याकाळी त्यांतील पहिल्या व्यक्तीला चहाला बोलवावे. मांजराचा आणि तिचा परिचय तेथूनच सुरू होईल.